डिस्कवरच्या चित्रपटाची पारख : चित्र, ध्वनी आणि बोनस साहित्य

प्रश्न असा आहे : एकाच जुन्या चित्रपटाची डीव्हीडी, ब्लू-रे आणि अलीकडची ४के डिस्क अशा तीन आवृत्त्या समोर असताना त्यांतली सरस कोणती हे कसे ओळखावे, एकाच डिस्कचे चित्र एका परीक्षकाला लख्ख आणि दुसऱ्याला बिघडलेले का वाटते, आणि या निवडीत बोनस साहित्याला किती वजन द्यावे. डिस्क छपाईला जाण्यापूर्वी ती पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तपासण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देते.

परीक्षकांमधला मतभेद बहुतेक वेळा नजरेचा नसतो, मापदंडाचा असतो. एक जण पाहतो की हे चित्र टीव्हीवर किती उठून दिसते. दुसरा पाहतो की ते मूळ चित्रपटाशी किती प्रामाणिक आहे. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. छायालेखकाने मुद्दाम काळोखी ठेवलेली रात्र, धुक्यात विरलेल्या कडा, जुन्या भिंगामुळे कोपऱ्यांत आलेली किंचित अस्पष्टता ही त्या कृतीची अंगे असतात, आणि जी डिस्क ती उजळून, धारदार करून दाखवते तिने चित्रपट सुधारलेला नसतो, बदललेला असतो. याउलट एखादी मऊ दिसणारी डिस्क उत्तम ठरू शकते, कारण शिल्लक राहिलेल्या सामग्रीतून जेवढे मिळण्यासारखे होते तेवढे सगळे तिने दिलेले असते.

पारख करण्यापूर्वी स्वतःचा टीव्ही सरळ करून घेणे आवश्यक आहे. कारखान्यातून येणाऱ्या अनेक टीव्हींवर शार्पनेस वाढवलेला असतो, हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू असते आणि दृश्यागणिक कॉन्ट्रास्ट आपोआप बदलत असतो. या तीनही गोष्टी बंद केल्याशिवाय दिसणारा दोष डिस्कचा आहे की टीव्हीचा हे सांगता येत नाही. ज्या संचावर 'फिल्ममेकर मोड' (चित्र मूळ रूपात दाखवणारी सेटिंग) आहे तिथे तो निवडला की बहुतेक काम होते. खोलीतला उजेडही कमी करावा, कारण गडद छटांमधले दोष प्रकाशात दिसतच नाहीत.

आता मूळ मुद्दा. डिस्कची गुणवत्ता सर्वांत आधी ठरते ती तिच्यामागच्या फिल्मवरून. चित्रपटगृहाच्या प्रिंटपर्यंत पोचताना कॅमेऱ्यातल्या मूळ निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह (मधली सुलट प्रत), तिच्यावरून ड्यूप निगेटिव्ह (नक्कल निगेटिव्ह) आणि मग प्रिंट अशा पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीत थोडे बारकावे गळतात, कॉन्ट्रास्ट वाढतो आणि कण ठळक होत जातात. त्यामुळे वेष्टनावर 'नवे ४के रिस्टोरेशन' (फिल्मचे नव्याने स्कॅन आणि दुरुस्ती) असे छापलेले असले तरी अर्धीच माहिती मिळते. ४के स्कॅन कशाचे केले, हे विचारले पाहिजे. घासलेल्या प्रिंटच्या ४के स्कॅनपेक्षा चांगल्या निगेटिव्हचे कमी पिक्सेलचे, म्हणजे २के, स्कॅन पुष्कळदा सरस ठरते. ज्या प्रकाशकांना आपल्या कामाची खात्री असते ते पुस्तिकेत किंवा सुरुवातीच्या पाटीवर स्कॅन कोणत्या सामग्रीवरून झाले, कोणत्या प्रयोगशाळेत झाले आणि रंगांना संमती कोणी दिली हे स्पष्ट लिहितात. ही नोंद नसणे हा पुरावा नव्हे, पण अशा डिस्ककडे मी अधिक सावधपणे पाहते.

या बाबतीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचे उदाहरण आवर्जून द्यावेसे वाटते. १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे बोलोन्या येथील लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ, चिकटलेल्या फिल्मवर रासायनिक प्रक्रिया करून ती पुन्हा लवचिक करण्यात आली, कडा आणि जोड हाताने दुरुस्त करण्यात आले, आणि २०१५ साली पूर्ण झालेल्या रिस्टोरेशनमध्ये 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट त्या भाजलेल्या निगेटिव्हवरून घेता आला. उरलेला भाग ड्यूप निगेटिव्ह आणि फाइन ग्रेन मास्टर (बारीक कणांची सुलट प्रत) यांवरून भरून काढावा लागला. अशा आवृत्तीत दोन शॉटच्या पोतात फरक दिसला तर तो दोष म्हणून गुण कापणे अन्यायाचे आहे. त्या फरकातूनच सामग्रीची खरी स्थिती कळते, आणि तो लपवण्यासाठी सगळाच चित्रपट एकसारखा घोटून काढला असता तर नुकसान अधिक झाले असते.

डिजिटल तंत्राने पूर्ण झालेल्या चित्रपटांचे गणित वेगळे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतरही असंख्य चित्रपटांचे अंतिम मास्टर (ज्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ते) २के म्हणजे सुमारे २०४८ पिक्सेल रुंदीचे झाले. त्यांच्या ३८४० पिक्सेल रुंदीच्या ४के डिस्कमध्ये नवा तपशील येणार कुठून? रंगांची अधिक खोली आणि सरस कॉम्प्रेशन (चित्राची माहिती कमी जागेत बसवणे) हा तिथला खरा लाभ असतो, आणि तो काही वेळा पुरेसाही असतो, पण तो तपशिलाचा लाभ आहे असे समजून खरेदी करू नये.

ज्या गोष्टीवरून सर्वाधिक वाद होतात ती म्हणजे ग्रेन, फिल्मवर दिसणारे कण. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या क्षारांच्या कणांपासून, आणि रंगीत फिल्ममध्ये त्या कणांभोवती तयार होणाऱ्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म ठिपक्यांपासून बनते. म्हणजे ग्रेन हा प्रतिमेवर बसलेला थर नाही, तीच प्रतिमा आहे. पावडर पुसावी तसा तो पुसता येत नाही. तो काढताना त्याच आकाराचे इतर तपशीलही जातात. चेहऱ्यावरची रंध्रे, कापडाची वीण, दूरच्या झाडांची पाने, भिंतीचा खडबडीतपणा या सगळ्यांवर नॉइज रिडक्शन (कण पुसण्याची डिजिटल प्रक्रिया) चालते, आणि परिणामी माणसे मेणाची दिसू लागतात. ही प्रक्रिया ओळखण्यासाठी स्थिर चौकट पाहणे पुरत नाही. चेहरा स्थिर असताना तपशील दिसतो आणि मान वळताच तो विरघळतो, किंवा मागची भिंत गोठल्यासारखी थांबते आणि पात्राभोवतीच तेवढे कण वळवळतात, अशी लक्षणे हालत्या चित्रातच सापडतात. ब्लू-रेच्या पहिल्या काही वर्षांत अनेक प्रसिद्ध चित्रपटांच्या डिस्क अशा धुऊन काढलेल्या निघाल्या आणि नंतर त्यांची नवी मास्टर करावी लागली. त्या काळातल्या आवृत्त्या आजही विक्रीत सापडतात, म्हणून डिस्कच्या वर्षाइतकेच मास्टरचे वर्षही पाहावे.

याच्या जोडीने येणारा दुसरा दोष म्हणजे कृत्रिम धार. तपशील गेला की चित्र मऊ वाटते, मग ते धारदार भासावे म्हणून कडांवर कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, आणि आकाशासमोरच्या खांबाला किंवा छपराच्या रेषेला बारीक पांढरी किनार येते. जुन्या डीव्हीडींमध्ये हा प्रकार सर्रास आढळतो. अलीकडे यांत एका नव्या पद्धतीची भर पडली आहे : यंत्रप्रशिक्षित साधने हरवलेला तपशील अंदाजाने भरून देतात. पापण्या, केस आणि दूरच्या पाट्यांवरची अक्षरे पाहा. केसांचे तंतू जिथे शॉटगणिक वेगळ्या प्रकारे रेखल्यासारखे दिसतात आणि अक्षरे अक्षरांसारखी भासूनही वाचता येत नाहीत, तिथे तो तपशील कॅमेऱ्याने टिपलेला नाही. या साधनांचा डाग किंवा ओरखडा काढण्यासाठी मर्यादित उपयोग मला मान्य आहे. अभिनेत्याच्या चेहऱ्यासाठी मान्य नाही.

ग्रेन जपायचा तर कॉम्प्रेशनला जागा लागते, कारण प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी नवी असते. डीव्हीडीवर चित्राचा बिटरेट (दर सेकंदाला वापरता येणारी माहिती) कमाल ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद, ब्लू-रेवर ४०, आणि ४के डिस्कवर त्याहूनही अधिक वाव असून एचईव्हीसी हे अधिक कार्यक्षम कोडेक (कॉम्प्रेशनची पद्धत) वापरले जाते. मात्र प्लेयरवर दिसणारा आकडा म्हणजे गुणवत्ता नव्हे. निष्काळजी एन्कोडिंग (डिस्कसाठी केलेले कॉम्प्रेशन) मोठा बिटरेटही वाया घालवते, आणि जाणकाराने केलेले काम त्याहून कमीत नीट बसते. खरी परीक्षा अवघड जागी होते : धूर, धुके, पाऊस, पाण्यावरची चमक, काळोखात हळूहळू उजळणारे दृश्य. तिथे चौकोनी ठोकळे किंवा आकाशात रंगांचे पट्टे दिसले तर एन्कोडिंग कच्चे आहे असे खुशाल समजावे. कोणत्याही नव्या डिस्कचा मी सर्वांत आधी तपासते तो भाग म्हणजे फेड होऊन काळे होणारे शॉट.

रंगांच्या बाबतीत निवाडा सर्वांत कठीण, कारण प्रत्येकाची आठवण निराळी आणि जुन्या प्रिंटचे रंग स्वतःच उडालेले. 'दिग्दर्शकाची संमती' हा शिक्काही नेहमी निर्णायक नसतो. विल्यम फ्रीडकिन यांनी आपल्या 'द फ्रेंच कनेक्शन' या चित्रपटाच्या २००९ च्या ब्लू-रेसाठी रंगांत स्वतःच मोठा बदल केला, तेव्हा त्या चित्रपटाचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि २०१२ साली मूळ रंगांच्या अधिक जवळ जाणारी आवृत्ती काढण्यात आली. दिग्दर्शकाला आपली कृती पुन्हा घडवण्याचा अधिकार आहे. परंतु प्रेक्षकांनी पाहिलेले मूळ रूपही उपलब्ध राहिले पाहिजे, आणि वेष्टनावर दोन्हींतला भेद सांगितला पाहिजे. अलीकडच्या पुष्कळ मास्टरांमध्ये सगळ्याच चित्रपटांना एकसारखी निळसर-हिरवट किंवा पिवळसर झाक दिली जाते. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या फिल्मवर, निरनिराळ्या लोकांनी चित्रित केलेले चित्रपट एकाच प्रयोगशाळेतून एकाच रंगाचे होऊन बाहेर पडत असतील तर तो रंग त्या चित्रपटांचा नाही. पांढरा सदरा, कागद, ढग आणि माणसाची त्वचा यांवर नजर ठेवली की ही झाक लवकर कळते.

एचडीआर, म्हणजे अधिक उजळता आणि रंग दाखवणारी पद्धत, हिच्याविषयीही हेच. चित्रपटगृहातल्या पडद्यावर पांढऱ्याची उजळता साधारण ४८ निट्स (निट हे उजळतेचे एकक) धरली जाते, तर एचडीआर डिस्कचे मास्टर अनेकदा १००० निट्सपर्यंतच्या मॉनिटरवर तयार होते. जुन्या चित्रपटाच्या चांगल्या एचडीआर आवृत्तीत ही जास्तीची उजळता दिव्याची ज्योत, धातूवरची चमक, खिडकीतले ऊन अशा मोजक्या जागी वापरलेली असते आणि बाकी चित्र संयत राहते. म्हणून 'एचडीआर जाणवतच नाही' ही तक्रार जुन्या चित्रपटाच्या बाबतीत पुष्कळदा प्रशंसाच असते. एचडीआर डिस्कची तुलना स्थिर छायाचित्रांवरून मात्र करू नये, कारण साध्या पडद्यासाठी रूपांतरित केलेल्या त्या प्रतिमेत उजळता आणि रंग दोन्ही बदललेले असतात.

चौकटीचे, म्हणजे तिच्या रुंदी-उंचीचे, प्रमाण पाहणे सोपे आहे, तरी ते सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चित्रपट १.३७, १.६६, १.८५ की २.३९ या प्रमाणात दाखवला गेला होता ते आधी शोधावे आणि डिस्क त्याच्याशी ताडून पाहावी. टीव्हीचा पडदा भरावा म्हणून कडा कापणे हा जुना रोग आहे. जुन्या डीव्हीडीत याखेरीज अ‍ॅनामॉर्फिक नसलेल्या डिस्क असतात, म्हणजे रुंद चित्र आडवे दाबून जास्त ओळी वापरण्याची सोय ज्यांत नाही अशा : २.३५ प्रमाणाच्या चित्रपटासाठी अमेरिकी (एनटीएससी) पद्धतीच्या डीव्हीडीतल्या ४८० ओळींपैकी अ‍ॅनामॉर्फिक डिस्कवर सुमारे ३६३ ओळी चित्राला मिळतात, तर तसे नसलेल्या डिस्कवर जेमतेम २७२, आणि उरलेली जागा काळ्या पट्ट्यांत जाते. इथेही कलावंताचा आग्रह आड येऊ शकतो. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या २:१ या आवडत्या प्रमाणामुळे 'अपोकॅलिप्स नाऊ' हा चित्रपट डीव्हीडीवर कापलेल्या चौकटीत आला, आणि पूर्ण रुंदीसाठी २०१० च्या ब्लू-रेपर्यंत थांबावे लागले.

लांबीबाबत एक खुलासा करते, कारण त्यावरून नेहमी गैरसमज होतो. पॅल (भारत आणि युरोपातली टीव्ही पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमच्या वेगाने चालवला जातो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. ही कात्री नव्हे. मात्र त्यामुळे ध्वनीही वर चढतो, आणि तो दुरुस्त केलेला नसेल तर संगीताची जाण असलेल्या प्रेक्षकाला गाणी जवळजवळ अर्ध्या सुराने चढी ऐकू येतात. संगीतप्रधान चित्रपटासाठी एवढ्या एका कारणावरून मी पॅल डीव्हीडी बाजूला ठेवते. ब्लू-रेवर २४ फ्रेमचा मूळ वेग राखता येतो.

ध्वनीकडे परीक्षणांत दोन ओळींपलीकडे कोणी पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा पीसीएम हे मार्ग ध्वनी न गमावता साठवतात हे खरे, पण साठवलेला ध्वनीच चुकीचा असेल तर त्याचा उपयोग नाही. मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी असलेल्या जुन्या चित्रपटाला सहा दिशांचा नवा साज चढवताना पावले, दारे, गोळ्या यांचे आवाज पुष्कळदा सरळ नवे घातले जातात. नवा ट्रॅक असायला हरकत नाही. मूळ मोनो ट्रॅक वगळला असेल तर आवृत्ती अपुरी आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. मोनो ट्रॅक आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नये. खरखर काढण्याच्या नादात आवाजाची वरची पट्टी कापली गेली असेल तर 'स' आणि 'श' बोथट होतात, श्वास नाहीसे होतात आणि दोन संवादांमध्ये बहिरी शांतता पडते. जरा खरखर राहिलेला, पण खोलीची हवा जिवंत ठेवणारा ट्रॅक मला केव्हाही पसंत आहे. सबटायटलांत एवढेच पाहावे की ती मूळ संवादांवरून केलेली आहेत, डब केलेल्या संवादांची नक्कल नाही, आणि पडद्यावरची पत्रे व पाट्याही त्यांत आल्या आहेत.

आता बोनस साहित्य. चित्रपटासोबत भाष्याचा स्वतंत्र ध्वनिपट देण्याची प्रथा १९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशकाच्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीपूर्वीची मोठी चित्रडिस्क) सुरू झाली. 'किंग काँग'च्या त्या डिस्कवर रोनाल्ड हेव्हर यांनी चित्रपट चालू असताना त्याच्या निर्मितीचा इतिहास सांगितला होता. या साहित्याची कसोटी मी एकच मानते : जे चित्रपट पाहून कळू शकत नाही ते यातून कळते का? एकूण किती तासांचे साहित्य आहे, याला जवळजवळ अर्थ नाही. प्रदर्शनाच्या वेळी प्रसिद्धीसाठी तयार झालेल्या पाच-सात मिनिटांच्या फिती, ज्यांत सगळे जण एकमेकांची स्तुती करतात आणि अर्धा वेळ चित्रपटाचेच तुकडे दिसतात, त्या डझनभर दिल्या तरी हाती काही लागत नाही. त्यापेक्षा संकलकाची वीस मिनिटांची एक मुलाखत, ज्यात एखादा प्रसंग तीन प्रकारे कसा जोडून पाहिला आणि दोन का टाकले हे तो दाखवतो, ती कितीतरी मोलाची.

भाष्यपटांत तर उत्तम आणि निकृष्ट यांतले अंतर फार मोठे आहे. चांगला भाष्यकार दृश्याशी बांधलेला राहतो. आत्ता पडद्यावर जे चालले आहे त्याची प्रकाशयोजना, कापलेला संवाद, बदललेली जागा याविषयी बोलतो, आणि सांगण्यासारखे नसेल तिथे थांबतो. वाईट भाष्यात कथानकच पुन्हा सांगितले जाते, किंवा चारपाच जण मिळून आठवणींत रमतात आणि श्रोता बाहेर राहतो. स्वतंत्रपणे घेतलेल्या मुलाखती कापून जोडलेले भाष्य कोरडे वाटते, पण माहितीच्या घनतेत ते पुष्कळदा सरस असते. चित्रपट जुना असून त्याचे कर्ते हयात नसतील तर अभ्यासकाचे भाष्य हाच एक मार्ग उरतो, आणि त्याची परीक्षा पहिल्या पंधरा मिनिटांत होते : तो कागदपत्रे, पत्रव्यवहार, पटकथेचे मसुदे यांच्या आधारे बोलतो की नुसती विशेषणे लावतो, हे तेवढ्यात समजते. वगळलेल्या प्रसंगांसोबत ते कुठे येणार होते आणि का गेले हे सांगितलेले असावे. रिस्टोरेशनच्या आधी-नंतरच्या तुलना मला आवडतात, पण त्यांतले 'आधी'चे चित्र खरोखर त्याच फिल्मचे कच्चे स्कॅन आहे की एखादी जुनी व्हिडिओ प्रत, हे जरूर पाहावे. दुसऱ्या प्रकारात फरक अवास्तव मोठा दिसतो.

बोनस आणि चित्र यांचा एक व्यावहारिक संबंधही आहे. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट जागा असते. दोन तासांचा चित्रपट सरासरी ६ मेगाबिट प्रतिसेकंद दराने ठेवला तर नुसत्या चित्राला सुमारे ५.४ गिगाबाइट लागतात. ध्वनी आणि मेनू धरल्यावर अडीच तासांचा माहितीपट त्याच डिस्कवर बसवायचा असेल तर चित्रपटाचा बिटरेट कापल्याशिवाय मार्ग राहत नाही. ५० गिगाबाइटच्या ब्लू-रेवर दोन तासांचे चित्र ३० मेगाबिट दराने २७ गिगाबाइट घेते, त्यामुळे ताण कमी असतो, तरीही दीर्घ साहित्य वेगळ्या डिस्कवर दिलेली आवृत्ती मी अधिक विचारपूर्वक केलेली मानते.

तेव्हा तुमच्या तीन आवृत्त्यांपैकी निवड करताना चित्रासाठी मास्टरचा स्रोत पाहा, आणि ४के डिस्क निगेटिव्हच्या नव्या स्कॅनवरून, संयत रंगांसह आलेली असेल तर ती घ्या. ती जुन्याच मास्टरवर धार आणि उजळता चढवून केलेली असेल तर चांगली ब्लू-रे तिच्यापेक्षा सरस ठरते. जुनी डीव्हीडी मात्र लगेच काढून टाकू नका. भाष्यपट आणि मुलाखतींचे हक्क अनेकदा त्या त्या प्रकाशकाकडे असतात आणि चित्रपटाचा परवाना दुसऱ्याकडे गेला की नव्या आवृत्तीत ते साहित्य येत नाही. दिवंगत कलावंताने रेकॉर्ड केलेले एखादे भाष्य केवळ त्या जुन्या डिस्कवरच उरलेले असू शकते. म्हणून नव्या आवृत्तीची बोनस यादी जुनीशी ओळीने ताडून पाहा, तिथे नसलेले काही सापडले तर जुनी डिस्क त्याच वेष्टनात नव्या डिस्कशेजारी ठेवा, आणि ती अजून शेवटपर्यंत वाचली जाते की नाही हे एकदा पूर्ण चालवून तपासा, कारण थरांमधला धातू गंजू लागलेल्या डिस्क बहुधा बाहेरच्या कडेकडे आधी अडखळतात.